हसनचं ध्येय

आमच्या शाळेचं हस्तलिखित वार्षिक मी एकट्याने काढलं. म्हणजे संपादक सर, चित्रं दुसऱ्यांची, लेख तिसऱ्यांचे. माझं अक्षर बरं, म्हणून ते सुवाच्य उतरवून काढायचं काम तेवढं माझं.

जयगडचा हसन माझ्याच बाकावर बसायचा. तो काही लेख देईना. "परीक्षा झाली की अब्बा मला बोटीवर चढवणार. मी कशाला लिहू?" असं म्हणत न उगवलेल्या मिशीला पीळ द्यायचा. पान कोरं राहिलं तर सर मला सोलणार! मग मीच ठोकून दिलं: 'माझे ध्येय', लेखक हसन. 'समुद्र मला बोलावतो, पण पुस्तके मला सोडत नाहीत.' लिहिताना हसून हसून माझं पोट दुखलं.

संमेलनाला हसनचे अब्बा आले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी लेख मोठ्याने वाचून दाखवला. अब्बांनी डोळे पुसले. "पोराच्या मनात एवढं हाय, आणि मी त्याला बोटीवर धाडत होतो? आता मॅट्रिक होईस्तोवर बोटीचं नाव नको!"

त्या दिवशी मी शिकलो, थाप वळणदार अक्षरात लिहिली की तिला कोणी थाप म्हणत नाही.

हसन मॅट्रिक झाला, पुढे मास्तर झाला. मी मॅट्रिकलाच आपटलो. परवा चहा पिताना मी त्याला म्हटलं, "हसनमास्तर, तुझी पेन्शन माझ्या लेखणीची. उपकार मान!"

हसनने कप खाली ठेवला. "मेल्या, शिकायची एवढी हौस होती तर लेखाखाली स्वतःचं नाव घालायचं होतंस. मी कप्तान झालो असतो, आणि तू मॅट्रिक."