रुक्मिण जामीन राहते

शेवंतीने जामीनदार म्हणून कुणाला आणलं असेल, सांगा बघू! मी तर खुर्चीतून उठलोच.

ही शेवंती पेडण्याच्या बाजारात मासे विकते. तिची बर्फाची पेटी फुटली. बँक तिला दारात उभी करत नाही, सावकार व्याजात बुडवतो, म्हणून ती आमच्या पतसंस्थेत आली. मी म्हटलं, "कर्ज मिळेल, व्याजही कमी. पण एखादा सभासद जामीन राहायला हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत कोण? रुक्मिण! आमची सभासद, तिच्या शेजारीच मासे घेऊन बसणारी आणि "तिचो बांगडो शिळो!" म्हणत रोज तिची गिऱ्हाइकं ओढणारी. दोघींची भांडणं अख्ख्या बाजाराला पाठ.

"हे बघा, इथे भांडण नको," मी आधीच हात जोडले.

"भांडाक नाय, जामीन रवाक इलंय," रुक्मिण म्हणाली.

"अहो, हिने हप्ते बुडवले तर आम्ही तुमच्याकडून वसूल करू!"

"ती बुडवची नाय."

"कशावरून?"

"इतकी वर्सां तिच्या बांगड्याक शिळो म्हणतंय मी. तो कधीच शिळो नसता, ह्या माझ्यापेक्षा जास्त कोणाक ठावक?"

मी जामिनाचा कागद पुढे केला. शेवंतीने स्वतःच पेन उघडून रुक्मिणच्या हातात दिलं.

संध्याकाळी बाजारात गेलो, तर रुक्मिण लांबूनच ओरडली, "साहेबानु, हंय येवा! तिचो शिळो!"

मी हसत शेवंतीकडूनच बांगडे घेतले. त्या बांगड्यांनाही आता रुक्मिणच जामीन होती ना!