भाव आधी कोणी सांगायचा?

नाही, पण मले एक सांगा, भाव आधी कोणी सांगायचा? विकणाऱ्यानं का घेणाऱ्यानं? बोला ना!... तुम्हाले सांगतो, या एका गोष्टीपायी माझी सगळी केळी झाडावर पिवळी झाली, आणि आमचा मेहुणा म्हणतो, "दाजी, मनाले लावून घेऊ नका, दोन देशांच्या संबंधांचा प्रश्न होता!"

हा मेहुणा म्हणजे निरंजन. शहरात बुधवाऱ्याच्या बाजारपेठेत बसून बाहेरदेशी केळी पाठवायची दलाली करतो. एक दिवस आला धावत. "दाजी, तुमच्या खकनारच्या मळ्यात डायरेक्ट इराणचा व्यापारी आणतो! फक्त अडाण्यासारखा भाव बोलून मोकळे होऊ नका. अदबीनं वागा. दोन देशांच्या संबंधांचा प्रश्न आहे!" मी म्हटलं, बाबा, माल कटाईले आलाय, हिरवी आहे तोवर जहाजात चढते, पिवळी पडली का गावच्या हातगाडीवर... पण ऐकतो कोण!

आले पाहुणे. बेहरूज साहेब. उंच, गोरे, मुंबईत राहून हिंदी शिकलेले. दारातच छातीवर हात ठेवून म्हणे, "पहले आप." मी म्हटलं, छे, पाहुणे, तुम्ही! "नहीं नहीं, आप!" आता पाहुण्याच्या आधी मी घरात कसा शिरू? उन्हात उभे दोघं! शेवटी आमची यमुना आतून ओरडली, "अहो, चहा आटला!" तेव्हा एकदमच शिरलो, खांद्याले खांदा घासून.

चहा? "नहीं, तकलीफ मत कीजिए." त्यांच्यात म्हणे दोन-तीनदा नाही म्हणायचंच असतं. आणि आमच्यात? कोणी नाही म्हटलं का ताटच वाढतात! वरण-बट्टी, वरून तुपाची धार, यमुना म्हणते, "एक माझ्या नावाची, एक भूमिकाच्या नावाची!" भूमिका आमची पोरगी, ती सासरी नांदतेय, तिच्या नावाचीबी खाल्ली बिचाऱ्यानं!

बाहेर कंटेनरचा ड्रायव्हर धर्मेंद्र भोंगा वाजवतोय, "चाचा, डीझल जल रहा है!" तेव्हा कुठं साहेब म्हणे, "भाईजान, भाव?" जिभेवर आला होता हो आकडा! पण निरंजननं डोळे वटारले. म्हटलं, "तुम्ही द्याल तो." "आपका माल, आप बोलिए." "छे, तुमचंच शेत समजा!" "नहीं, आपकी ज़बान!" शेवटी मी, आपण म्हणतो तसं, म्हणायचं म्हणून... "अहो, पैशाचं काय घेऊन बसले, घरचा माल, असाच न्या!" त्यानं कान पकडले. "तौबा! मैं तो बाज़ार से दुगना दूँगा!" आणि मी... हसू नका... मी म्हटलं, "छे छे, एवढे कशाले!"

निरंजन ओट्यावर मटकन बसला. आता कमी बोलायची पाहुण्याले लाज, जास्त मागायची मले लाज!

तेवढ्यात बांधावरून आमचा शेजारी उखर्डू. बनियनवर. ना राम राम, ना पाणी विचारणं. "ओ साहेब! इतने में लेना है तो लो, नहीं तो रस्ता नापो!" पाहुणा दचकला, आणि दोन मिनिटात उखर्डूच्या मळ्यात कोयते चालू, कंटेनर त्याच्याच मालानं भरला! जाताना मले मिठी मारून रडला हो बेहरूज. "आप जैसा इज़्ज़तदार आदमी नहीं देखा!" निरंजनबी डोळे पुसत, "पाहा दाजी, दोन देशांचे संबंध!"

माझी केळी गाईंनी खाल्ली. वर्षभर पोरासारखी सांभाळली होती, लई वाईट वाटलं. पण संबंध? एकदम घट्ट! दिवाळीले तो पिस्ते पाठवतो, यमुना त्याले पापड पाठवते. आयात-निर्यात जोरात!

यंदा मात्र ठरवलं, अदब गेली खड्ड्यात. आरशासमोर उभा राहून भाव पाठ केला. आत्ता, इथं येताना, फोन आला. "भाईजान, इस साल क्या भाव?" मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि... "तुम्हीच सांगा ना, पाहुणे! घरचेच तुम्ही!"

तो म्हणे, "पहले आप."

फोन अजून चालूच आहे. हा बघा, खिशात... आणि तिकडं उखर्डूनं कोयत्याले धार लावायले घेतली.