इंजिनाची नजर

अबे, माह्या बुढ्यानं इंजिनाची नजर कशी उतरवली, हे सांगतलं का तुमाले?

लोडशेडिंगच्या दिवसांत तेल्हाऱ्याची आमची पिठाची चक्की डिझेल इंजिनावर चाले. इंजिनाची कंपनीची पुली फुटली, म्हणून मी अकोल्याहून लोकल पुली आणली. लावली, तं इंजिन असं थरथरे का बाजूचे डबे नाचत! पंधरा दिवसांत बेरिंग खलास. दुसरं टाकलं, तेही गेलं. गिऱ्हाईक दुसऱ्या चक्कीवर जाऊ लागले.

बुढा म्हणे, "नजर लागली." अन् मी बाहेरगावी असताना त्यानं पुलीवर घोड्याची नाल बोल्टानं कसून टाकली! मंग तं इंजिन जागेवर उड्याच माराले लागलं.

शेवटी अंजनगावाहून रहीमचाचा मिस्त्रीले बोलावलं. त्यायनं पुली काढली, दांड्यावर लटकवून फिरवली. दरवेळी नालेचीच बाजू खाली येऊन थांबे.

चाचा माह्या कानात म्हणाले, "पुली पयलेच एकीकडून भारी, अन् अब्बानं वजन बी तिकडंच टाकलं!"

"मंग काढा ना ते नाल!"

"कावून? बुजुर्ग आदमी नाराज होईन."

चाचानं हलक्या बाजूले दुसरी, चांगली वजनदार नाल कसली. इंजिन सुरू केलं, वर भरला चहाचा कप ठेवला. एक थेंब सांडला नाही! मी तं नाचाचाच बाकी राहिलो.

बुढा मिशीवर हात फिरवून म्हणे, "एका नालेनं कशी उतरीन लेका? नजर दोघायची होती!"