खडखड शॉकअपचीच नसते

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे मालक, आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्याशेजारी बसलेल्या वहिनी, वर्कशॉपमधले सोबती आणि समोरच्या बंधू-भगिनींनो,

मला चार शब्द बोलायला उभं केलंत, आभारी आहे. सत्कारमूर्तींबद्दल चांगलंच बोल, अशी ताकीद मालकांनी मघाशी जिन्यातच दिली आहे. प्रयत्न करतो.

यांना आपण सगळे दाबकाका म्हणतो. गाडी आली की पाना नंतर, आधी बॉनेटचा कोपरा तळहातानं दाबून सोडायचा. गाडी वर येऊन निवांत बसली तर शॉकअप ठीक, झुलत राहिली तर गेला. मग तळहात पँटला मागे पुसायचा. एवढ्यावर गिऱ्हाईक खूश. शेजारच्या रॅम्पवर मी इंजिन उघडून बसलेलो, हात तेलानं माखलेले, आणि फाटकातून आवाज येणार, "दाबकाका आहेत का?" अहो, इंजिनाशिवाय गाडी हलते का? पण चालणारं इंजिन कोणाच्या लक्षातच येत नाही. खड्ड्यात कंबर वाचली की मात्र यांचं नाव घेतात. मी जळतो. माईकवरून सांगतो, जळतो.

बरं, माणूस लबाड असता तर सोपं होतं. गिऱ्हाईक म्हणणार, खडखडतंय, शॉकअप बदला. हे म्हणणार, "थांबा, खडखड शॉकअपचीच असते असं नाही. आधी बुश बघू." आणि सांध्यातला बोटाएवढा झिजलेला रबरी बुश काढून त्याच्या हातावर ठेवणार. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर मात्र जोडीच बदलणार. एक नवा, एक म्हातारा, असा संसार यांना चालत नाही.

आमच्या घरातलंच ऐका. मी खुर्चीत चहा पीत बसलेलो आणि बायको किल्ली घेऊन निघाली. "टायर एकाच कडेनं झिजतोय, भाऊजींना दाखवून येते." काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

तेही सोसलं. पण लेक आमच्या धंद्यात आली तेव्हा मी तिच्यासाठी पान्यांचा नवा सेट आणला होता. तिनं तो उचलला आणि सरळ शेजारच्या रॅम्पवर गेली. म्हणाली, "बाबा, तुम्ही खेकसता. काका समजावून सांगतात." तेव्हापासून पलीकडून तिचं हसणं ऐकत मी व्हॉल्व्ह घासतोय.

म्हणून हे निवृत्त होणार आणि हा निरोपाचा समारंभ ठरला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, आता लेक माझ्या रॅम्पवर येईल. आज इथे यायला निघालो, तर माझ्याच गाडीत खडखड. मी म्हटलं, "शॉकअप गेला वाटतं." लेक खाली उतरली. बॉनेटचा कोपरा दाबला, सोडला आणि तळहात मागे पुसला. ठेवणीतल्या कपड्यांना. "नाही बाबा," म्हणाली, "बुश असेल."

दाबकाका, निरोप तुला वर्कशॉपनं दिलाय. माझ्या घरातून तू काही जात नाहीस.

अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलं, त्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात खडखड झाली असेल, तर फार मोठं बिघडलंय असं समजू नका. बुश झिजलाय. सांभाळून घ्या.