पेजेवरची साय

कुंदाबाई : नाही पुष्पांजली, ही बिजवाई आता फेकाचीच. तुझी पावडर मेली, अन् माझं धानही गेलं.

पुष्पांजली : मामी, आधी नक्की काय केलंस ते सांग. पाकिटावर लिहिलं होतं, जिवाणूंची पावडर पेजेत कालवून बियाण्याला चोळावी.

कुंदाबाई : तेच केलं. परवा चुलीवर पेज खदखदून राहिली होती, त्यातच टाकली. चांगली ढवळली.

पुष्पांजली : उकळत्या पेजेत?

कुंदाबाई : मंग? पेज म्हनलं का गरमच. ‘थंडी पेज’ असं लिहाले काय झालं होतं तुह्या शेतकी कॉलेजवाल्यांले?

पुष्पांजली : पाकिटावरचा कागद मीच लिहिला होता. चूक माझी. बियाण्यावर तरी गरम ओतली नाहीस ना?

कुंदाबाई : येवढी येडी नाही मी. दुपारी थंडी झाल्यावर चोळली, मंग सावलीत सुकवली.

(उदाराम मिलमधून येतो, सायकल भिंतीला टेकवतो.)

उदाराम : काऊन, मामी-भाचीचं काय चालून राहिलं?

कुंदाबाई : तुमाले कायले पाहिजे?

उदाराम : मले सारं मालूम आहे. वीस वर्सं झाली, धान वाफवून उसना तांदूळ काढतेत, त्या मिलमध्ये बॉयलर चालवून राहिलो. वाफेत काही जित्तं राहत नाही. तुझे जिवाणू शिजले, भाची. ठरल्यापरमानं मामीच्या धानाच्या बांधीत आता माझं हायब्रीड.

पुष्पांजली : काय ठरलं होतं?

कुंदाबाई : दोन सालं झाली, ह्या चिन्नोर धानाचे परे सडून राहिले. बोटभर रोप झालं का मुळातून गेलं. हे म्हनले, यंदा आखरी. यंदा सडलं तं चिन्नोर बंद. माझ्या माहेरचं धान आहे पोरी, दोन पायलीच उरलं. गावात दुसऱ्या कोनाकडं नाही. म्हनून तं तुझी पावडर लावली.

पुष्पांजली : मग फेकायला का निघालीस?

कुंदाबाई : चोळून उरलेली पेज ह्या लोट्यात होती, झाकून. परवा चमचा उभा राहीन अशी घट्ट. आज पाह्यलं तं निरं पानी. वरतं पांढरी साय, म्हातारीच्या गालावानी सुरकुतलेली. हेच सडकं माझ्या बिजवाईवर बसलं आहे.

पुष्पांजली : दाखव. ...मामी, हे मेलेलं नाही.

उदाराम : उकळून?

पुष्पांजली : हा साधा मातीतला जिवाणू आहे, मामा. धानाच्या तणसावर, धुळीत, सगळीकडे असतो. खाणं-पाणी संपलं की स्वतःभोवती जाड कवच करून पडून राहतो. त्याला बीजाणू म्हणतात. पाकिटात तेच होते. थोडा वेळ उकळल्याने ते मरत नाहीत. दुसऱ्या एखाद्या जिवाणूची पावडर असती, तर मेली असती.

कुंदाबाई : म्हनजे आपन पुढच्या सालासाठी ढोलीत बिजवाई ठेवतो, तशी त्यानं सोताचीच ठेवली.

पुष्पांजली : तशीच.

उदाराम : मंग पेजेचं पानी कोनं केलं?

पुष्पांजली : त्यानेच. जागा झाला की तो एक रस सोडतो, त्याने पेजेतलं स्टार्च तुटतं. कारखान्यांत मोठ्या टाक्यांमध्ये याला आणि याच्या भाऊबंदांना वाढवतात ते अशा रसांसाठीच. एका रसाने कापडाची खळ निघते. दुसरा धुण्याच्या पावडरीत घालतात, घामाचे, रक्ताचे डाग तोडायला.

कुंदाबाई : ह्यांच्या कॉलरीले तं तोही हारते.

पुष्पांजली : जपानात याच्यानेच सोयाबीन आंबवतात. तार सुटली की आवडीने खातात.

उदाराम : आमच्या इथं शिळ्या भाताले तार सुटली का म्हशीले टाकतेत.

पुष्पांजली : तो भातही शिजवलेला, झाकलेला असतो ना? मग तार कुठून आली?

उदाराम : थांब, बिरसीच्या विमानतळावरचं विमान जाऊ दे. काही आयकू येत नाही.

पुष्पांजली : विमान केव्हाच गेलं, मामा.

कुंदाबाई : वीस वर्सं बॉयलर चालवून राहिले म्हने.

पुष्पांजली : पण अगदी खात्रीने नाही सांगत मी. त्याच चुलीवरची, पावडर न टाकलेली पेज वाटीभर असती, तर दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं असतं.

कुंदाबाई : होती ना. गंजात काढून ठेवली होती.

उदाराम : ते मी मीठ टाकून पिलो.

कुंदाबाई : आता? पेरू का नको, येवढंच सांग.

पुष्पांजली : पेर. मूळ फुटलं की हा मुळावर थर धरतो आणि सडवणाऱ्या बुरशीला सहज जागा देत नाही. सगळी रोपं वाचतील असं मी म्हणणार नाही. पण ही साय पाहून बियाणं फेकू नको.

कुंदाबाई : मंग उद्या पेरतो. आयकलं ना तुमी?

उदाराम : आयकलं.

पुष्पांजली : लोटा मी कॉलेजात नेते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून फोन करते.

उदाराम : अर्धाच ने. बाकीचं माझ्या बिजवाईले चोळतो.

पुष्पांजली : का, मामा?

उदाराम : मागच्या साली हायब्रीडचेही अर्धे परे सडले होते. साळ्याच्या, मामीच्या भावाच्या वावरातून आनून लावले. तुह्या मामीले सांगतलं नाही.

कुंदाबाई : मले मालूम होतं. लोटा झाका.