गुडघ्याचा नंबर लागला

विटोमिर : मग काय सांगितलंस त्या बाईला फोनवर?

स्तामेना : काय सांगणार? म्हटलं, त्या दिवशी जमायचं नाही. आमच्याकडे स्लावा आहे.

विटोमिर : जमायचं नाही? दोन वर्षं सरकारी इस्पितळाचा नंबर लागायची वाट बघितलीस, रोज उठून गुडघ्याच्या नावानं बोटं मोडलीस, आणि आता जमायचं नाही?

स्तामेना : ओरडू नका. घराण्याच्या संताचा दिवस आहे. तो काय माझ्या ऑपरेशनसाठी पुढे ढकलायचा?

विटोमिर : ती काय म्हणाली?

स्तामेना : संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाली. नाहीतर नाव परत यादीच्या शेवटी.

विटोमिर : म्हणजे परत इंजेक्शनं, परत मलमं, दर खेपेला शहरापर्यंत टॅक्सी. शिवाय टीव्हीवर बघून मागवलेला तो चुंबकाचा पट्टा. तो आता मांजराच्या गळ्यात आहे. माझी अर्धी पेन्शन त्या गुडघ्यात मुरली, बाई.

स्तामेना : कशात मुरली ते मला माहितीये. चोळायला आणलेली आलुबुखाराची दारू गुडघा पितो की तुम्ही?

विटोमिर : मी फक्त चव बघतो. तुझ्या गुडघ्याला भेसळीचं नको.

स्तामेना : काळजी बघा केवढी!

विटोमिर : बरं, मग वरचं शेत विकू. खासगीत करून घेऊ, आपल्याला हवं त्या दिवशी.

स्तामेना : शेत विकून गुडघा घ्यायचा, आणि नव्या गुडघ्यानं चालत जायचं कुठे?

विटोमिर : मग पाहुण्यांना सांगू, यंदा येऊ नका.

स्तामेना : सांगणार कसं? स्लावाला कुणी आमंत्रण देतं का? ज्यांना या म्हटलेलंच नाही, त्यांना येऊ नका कसं म्हणायचं? सगळं गाव येईल. संतापुढची मेणबत्ती विझलेली दिसली की म्हणतील, विटोमिरचं घर बसलं.

विटोमिर : मी करीन सगळं.

स्तामेना : तुम्ही? ईस्टरला अंडी उकडताना पातेलं जाळलंत!

(विटोमिरच्या धाकट्या भावाची बायको ल्युबिंका न विचारता आत येते.)

ल्युबिंका : जाऊबाई, तुमचं भांडण आमच्या अंगणापर्यंत ऐकू येतंय.

स्तामेना : कुंपणाला कान लावून बसलं की येणारच.

ल्युबिंका : लावला तेच बरं झालं. अहो, संत एकच, दिवसही एकच. वाटणी झाल्यापासून लोक बिचारे आधी तुमच्याकडे जेवतात, मग पोट धरत आमच्याकडे येतात. यंदा एकच पंगत मांडू. पूर्वीसारखी.

विटोमिर : आणि मधलं कुंपण?

ल्युबिंका : तुमचा भाऊ पक्कड घेऊन तारा सोडवतोय.

विटोमिर : मला न विचारता?

ल्युबिंका : विचारलं असतं, तर एकेका तारेवर वर्ष वर्ष भांडला असतात तुम्ही दोघं.

स्तामेना : आणि सारमा कोण करणार?

ल्युबिंका : मी.

स्तामेना : तू? तुझ्या कोबीच्या पानातून खिमा आपला आपण बाहेर येतो!

विटोमिर : स्तामेना!

ल्युबिंका : बोलू द्या, भाऊजी. सुटतात माझी पानं. एक वर्ष लोक मला नावं ठेवतील, ठेवू देत. पण जाऊबाई, गेल्या स्लावाला ताट घेऊन येताना तुम्ही चौकट धरून उभ्या राहिलात. डोळे मिटून. मी बघितलं. घरी जाऊन रडले मी.

स्तामेना : मला वाटलं, कुणाला दिसलं नाही.

ल्युबिंका : मला दिसलं.

स्तामेना : भीती वाटते गं मला. स्लावाचं काय, स्लावा होईल. पण तिथे झोपवलं आणि उठलेच नाही तर?

विटोमिर : अगं, ते सांधा बदलणार आहेत. मला बायको हीच हवी, असं मी स्वतः जाऊन सांगेन त्यांना.

स्तामेना : पुरे. फोन द्या इकडे. नाही, थांबा. आधी बाहेर जा आणि भावाला तारा धरू लागा.

विटोमिर : म्हणजे जाणार तू?

स्तामेना : जाणार. आणि पुढच्या वर्षी अंगणात नाचणार. पळा आता. अहो, ती बाटली ठेवा खाली!

विटोमिर : आनंदाच्या दिवशीसुद्धा?

स्तामेना : बरं, न्या. भावालाही द्या. हं, गेले. ल्युबिंका, इकडे ये, जवळ बस. सारम्याच्या तळाला मूठभर सुके आलुबुखार घालायचे. मग वर कोबीच्या गुंडाळ्या रचायच्या. आजवर कुणाला सांगितलं नाही मी, ह्यांनाही नाही.

ल्युबिंका : कुठले आलुबुखार?

स्तामेना : तुमच्या वाटणीत गेलेल्या झाडाचे. एक फांदी येते ना आमच्या बाजूला.

ल्युबिंका : पडतात वाटतं खाली?

स्तामेना : पडतात कुठले! काठीनं पाडते. या असल्या गुडघ्यानं स्टुलावर चढून.

ल्युबिंका : माहितीये. म्हणून तर ती फांदी मी कधी छाटू दिली नाही.