फुगणारी माती

अकोटकडच्या काळ्या मातीचा विषय काढलात म्हणून सांगते. तिथल्या एका गावच्या रस्त्याचं काम माझ्याकडे होतं. दर पावसाळ्यात रस्ता खचायचा आणि गावची एसटी बंद व्हायची. म्हणून आम्ही रस्त्याखालच्या मातीत अंबाडीचे धागे कापून मिसळत होतो. ते बघून शेजारच्या घरातले बापूकाका तावातावाने आले.

"मॅडम, अंबाडीची तं भाजी करतेत. तुमी रस्त्यात काहून टाकून राहिल्या?"

मी समजावलं, "काका, ही माती पाणी लागलं की फुगते आणि ऊन लागलं की तडकते. धागे तिला धरून ठेवतात."

त्यांच्या ओट्यावर बसलेल्या काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काका जे फुगले, ते माझ्याशी बोलेचनात.

यंदा पावसाळा संपल्यावर धाकधुकीनंच गेले. रस्ता शाबूत होता, माझ्यासमोरून एसटी गावात शिरली. काका मात्र मला बघून तोंड फिरवून बसले. काकूंनी चहा दिला आणि काकांकडे बघत हळूच म्हणाल्या,

"मातीचं तं जमलं, मॅडम. थोडे धागे उरले का? ह्यायच्यातबी टाकून पाहाचे होते."